नाव ठेवताना

फुकुए बेटावरून सकाळच्या बोटीने काच आली नागासाकीला,
डब्यात कापूस, कापसात ती.
सोबत कागद: उराकोशी तोमे, वय अठ्ठ्याहत्तर,
नडगीवर चार महिने लाल चट्टे, मलमाला दाद न देणारे.
ताप नाही. हाताला गाठ लागत नाही.
खाली बेटावरच्या डॉक्टरांचं बारीक अक्षर:
कदाचित काहीच नसेल.

कदाचित काहीच नसेल, अशा काचा
मी एकतीस वर्षं बघते आहे.

तेलाचा थेंब, मोठं भिंग.
लिंफोसाइट तशी शहाणी पेशी.
गोल केंद्रक, कडेला जेमतेम निळी किनार,
मान खाली घालून जाणारी.
एक, दोन, अकरा, चाळीस.
त्रेचाळिसावी मात्र
पाकळ्या उघडून बसलेली.

पुस्तकात तिला फुलपेशी म्हणतात.
ज्याने कुणी म्हटलं, त्याने ती
परक्याच्या रक्तात पाहिली असणार.

मग मोजणी. शंभरात सात.
सीडी चार आहे, सीडी पंचवीस आहे,
सीडी सात असायला हवं तिथे कोरी जागा.
कॅल्शियम ठीक. एलडीएच जरा वर, पण कुंपणाच्या आत.
विषाणू: आहे.

आमच्याकडे चार खण असतात.
धुमसता. जुनाट. गाठींचा. तीव्र.
तीव्राची व्याख्या मला पहिल्यापासून खटकते:
आधीच्या तिघांत जो बसत नाही, तो.
घरात कुठेच न मावलेलं सामान
आपण दाराशी नेऊन ठेवतो ना, तसं.
आणि आग लागते ती तिथूनच.

तोमे-सान पहिल्या खणात.
वरून राख गार.
काडी घालून उकरायचं नाही, पाणी ओतायचं नाही,
दर दोन महिन्यांनी वर हात धरायचा नुसता,
ऊब किती आहे ते बघायला.
हाच उपचार, हे रुग्णाला पटवणं
माझ्या कामात येत नाही.
माझं काम काचेपाशी संपतं.

पण ती आली.
स्वस्तातल्या बोटीने, तीन तास,
पिशवीत कॅमेलियाच्या तेलाची बाटली, घरच्या घाण्याची.
"माझ्या रक्तात फूल आहे म्हणे. बघू."

शिकाऊ मुलांसाठी आमच्याकडे दोन डोकी असलेला मायक्रोस्कोप आहे.
ती समोर बसली. चष्मा काढला, पुन्हा घातला.
बराच वेळ बघून म्हणाली,
"पाकळ्या काही धड नाहीत हो."
मी त्याला नाव ठेवलं होतं,
तिने नावं ठेवली.

"आलं कुठून?"
दुधातून, मी म्हटलं. बहुधा.

खिडकीबाहेर क्रेन वळत होती, ती पूर्ण वळली.
"त्या वर्षी बेटावर तांदूळ नव्हता.
रताळ्याच्या वाळक्या चकत्या, शेवाळ.
आईने मला चौथं लागेपर्यंत पाजलं.
घरात पांढरं म्हणून तेवढंच होतं."

मग बोटांवर मोजलं तिने: एक, दोन, तीन.
मला वाटलं, वर्षं.
मुलं होती ती.

मी आकडे सांगितले.
विषाणू असलेल्या शंभरांतले पंचाण्णव
म्हातारे होऊन दुसऱ्याच कशाने जातात.
आता गरोदरपणीच तपासतात, बाटलीचं दूध देतात.
सगळं खरं आहे.
तिने ते ऐकलं,
वादळाचा अंदाज कोळ्याची बायको ऐकते तसं,
होडी आधीच बाहेर गेलेली असताना.

अहवालात लिहिलं:
प्रौढ टी-पेशी ल्युकेमिया-लिंफोमा, धुमसता प्रकार.
पुन्हा तपासणी, दोन महिन्यांनी.
संसर्गाचा मार्ग, या रकान्यात "मातेकडून" लिहायचं असतं.
पेन थोडं थांबलं.
मग लिहिलंच. दुसरा शब्द तिथे चालत नाही.

बाटली अजून टेबलावर आहे,
भिंगाच्या तेलाशेजारी.
रंग जवळजवळ सारखाच.
घाईत हात चुकतो कधी.